मोडल्या संसाराचा जमाखर्च



इतिहासावरचे व्याख्यान म्हटले म्हणजे गड, तह आणि लढाया ह्यांची अपेक्षा असते. मी ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे तो फडताळात, पिठाच्या डब्याखाली सापडतो. किराणा दुकानदाराची उधारीची वही, सोने गहाण ठेवल्याची पावती, बचत गटाचे पासबुक, फायनान्सवाल्यांचे हप्त्याचे कार्ड. नवरा-बायको एकत्र नांदत असतात तोवर ह्या कागदांकडे कोणी फारसे पाहत नाही. दोघांची फारकत झाली की महिन्याच्या आत हे कागद दारावर थाप मारू लागतात.

संसार मोडतो तेव्हा भांडी वाटली जातात. मुले बहुधा आईकडे राहतात. शेत असलेच तर ते सासऱ्याच्या नावावर असते, तेव्हा त्याच्या वाटणीचा प्रश्नच उद्भवत नाही. पण कर्ज वाटून दिल्याचे मी माझ्या कामगार चळवळीतल्या इतक्या वर्षांत क्वचितच पाहिले आहे. वसुलीवाल्याला ज्याचे घर सापडते त्याच्या गळ्यात कर्ज पडते. नवरा पुण्याला कंपनीत जातो, हैदराबादला बांधकामावर जातो. बाई मुलांच्या शाळेपायी इथेच राहते. म्हणून घर तिचेच सापडते.

ही गोष्ट थोड्या घरांची आहे असे कोणी समजू नये. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात कायदेशीर घटस्फोट झालेल्या स्त्रियांपेक्षा नुसत्याच ‘विभक्त’ म्हणून नोंदलेल्या स्त्रियांची संख्या दुपटीहून अधिक भरली. म्हणजे कोर्टाची पायरी चढून मोडलेल्या संसारांपेक्षा न चढता मोडलेले संसार अधिक. त्यांचा जमाखर्च कोणी मांडून दिलेला नाही. तो कसा मांडावा ह्याचा विचार मात्र आपल्याकडे फार जुना आहे, आणि त्याचा आरंभ आपल्या अहमदपूरपासून फार लांब झालेला नाही.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत अहमदपूर तालुका बिदर जिल्ह्यात होता. निलंगा आणि उदगीरही. त्या वर्षी हे तीन तालुके उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाला. आजच्या बिदर जिल्ह्यात जे बसवकल्याण आहे, ती चालुक्यांची राजधानी कल्याणी. सहावा विक्रमादित्य तिथे राज्य करीत असता, अकराव्या शतकाच्या शेवटी आणि बाराव्याच्या आरंभी, विज्ञानेश्वर नावाच्या पंडिताने याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहिली. तीच मिताक्षरा. पुढे इंग्रजांच्या कोर्टांनी हिंदुस्थानच्या मोठ्या भागात हिंदूंचा वारसा आणि वाटणी ह्याच ग्रंथाच्या आधाराने ठरवली. मी शाळा फार शिकलेला माणूस नाही. हा ग्रंथ मी भाषांतरातून, युनियनच्या कचेरीत रात्री बसून वाचला. वाटले होते की पोथीत बाईच्या विरुद्धच सगळे असेल. पुष्कळ आहेही. पण कर्जाचे प्रकरण वाचून मी थबकलो.

त्या प्रकरणाचा आशय असा. नवऱ्याने काढलेले कर्ज बायकोने फेडण्याचे कारण नाही. बायकोने फेडावयाचे ते तीनच प्रकारचे: जे फेडीन असे तिने स्वतः कबूल केले असेल ते, जे नवऱ्याबरोबर मिळून काढले असेल ते, आणि जे तिने स्वतः काढले असेल ते. ह्याखेरीज दुसरे कोणतेही नाही. सर्वत्र एक कसोटी मात्र लावलेली आहे: कर्ज कुटुंबासाठी होते काय? कुटुंबाच्या पोटासाठी काढलेले कर्ज असेल तर नियम बदलतो.

त्याच प्रकरणात एक अपवाद आहे, तो मला विशेष मोलाचा वाटतो. गवळी, दारू गाळणारे, नट, परीट आणि पारधी ह्यांच्या बायकांनी काढलेले कर्ज नवऱ्याने फेडावे असे सांगितले आहे. कारण काय, तर त्या घरांचे पोट बायकांच्या कामावर चालते! नऊशे वर्षांपूर्वीच्या पंडिताला हे दिसत होते की काही घरे बाईच्या मिळकतीवर उभी असतात आणि अशा घरात बाईचे कर्ज हे घराचे कर्ज असते. आज आपल्या गावातली किती घरे ह्या यादीत बसतील हे मोजून पाहावे. परीट-गवळ्यांपुरती ती यादी आता राहिलेली नाही.

स्त्रीधनाच्या बाबतीत ग्रंथ तितका उदार नाही. दुष्काळात, आवश्यक धर्मकार्यासाठी, आजारपणात, किंवा कैदेत पडण्याची पाळी आल्यास नवऱ्याने बायकोचे दागिने घेतले तर ते परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही, असे तिथे म्हटले आहे. मराठवाड्यात दुष्काळ हा अपवाद नसून पाहुण्यासारखा पुन्हा पुन्हा येणारा आहे. तेव्हा ह्या सवलतीचा अर्थ व्यवहारात काय होत असेल ते सांगावयास नको. पेरणीला बायकोच्या पाटल्या मोडल्या, पीक गेले, पाटल्या गेल्या. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले की स्त्रीधन हे सर्वस्वी बायकोचे, नवऱ्याच्या ताब्यात असले तरी ते त्याच्याकडे ठेव म्हणूनच आहे. पाटल्यांचा हिशोब मागता येतो, हे त्या दिवसापासून वादातीत झाले.

आता पोथीतून बाहेर पडून गावातल्या चालीकडे वळू. वरच्या जातींत काडीमोड नव्हती. बहुजन समाजातल्या कित्येक जातींत होती. सोडचिठ्ठी लिहून मिळे, बाई पाट लावू शके. ह्या चालीचे कौतुक पुष्कळ होते, आणि तुलनेने ती मोकळी होती हे खरेच. परंतु तिचा जमाखर्च पाहा. बाई दुसरे घर करणार असली की पहिल्या नवऱ्याचा लग्नखर्च परत करावा लागे. तो तिच्या बापाने द्यावा किंवा नव्या नवऱ्याने. म्हणजे फारकतीच्या क्षणी बाईच्या नावे कर्ज पडत असे. तिने नांगरामागे, जात्यावर, गोठ्यात जी वर्षे घातली त्यांची नोंद जमेच्या बाजूला कुठेच नसे.

शहरातल्या सुशिक्षितांचीही दिशा हीच होती. रखमाबाईंचा खटला आपण बालविवाहाचा खटला म्हणून ऐकतो. दादाजी भिकाजी ह्यांनी १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात बायको नांदायला यावी म्हणून दावा लावला. अकराव्या वर्षी लागलेले लग्न. रखमाबाई जावयास तयार नव्हत्या. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे ह्यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, तो अपिलात फिरला, आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम केला. तुरुंग पत्करीन पण जाणार नाही, हा त्यांचा बाणा प्रसिद्धच आहे. शेवट कसा झाला तो मात्र कमी जणांना ठाऊक असतो. १८८८ साली तडजोड झाली. दादाजींना दोन हजार रुपये देण्यात आले आणि रखमाबाई मोकळ्या झाल्या. त्या पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. त्या काळच्या कामगाराला दोन हजार रुपये आयुष्यात एकगठ्ठा दिसत नसत. ज्या बाईला असे पैसे उभे करता येत नव्हते तिच्या सुटकेचा भाव कोण देणार होते?

ही पैशाची दिशा कायद्याने उलटी फिरवली ती फौजदारी कायद्याने, आणि तीही बाईच्या हक्काच्या विचारातून नव्हे. उपाशी टाकलेली बाई नि पोरे रस्त्यावर येऊ नयेत, शांततेला बाधा पोहोचू नये, एवढाच सरकारचा हेतू. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ४८८ वे कलम ह्याच जातीचे. ऐपत असून बायकोमुलांना टाकणाऱ्या माणसाला मॅजिस्ट्रेटने दरमहा रक्कम देण्याचा हुकूम करावा. न दिल्यास दंडासारखी वसुली, तरीही न दिल्यास कैद. पोटगी हा आपला शब्दच पोटावरून आलेला आहे, आणि कायद्यानेही पोटापलीकडे पाहिले नाही. कमाल रक्कम पन्नास रुपये. १९२३ साली ती शंभर झाली. निजामाचे राज्य १९४८ साली संपले, आणि १९५१ साली ही संहिता हैदराबाद राज्याला लागू झाली. तेव्हापासून आपल्याकडच्या बाईला ह्या कलमाखाली अर्ज करता येऊ लागला. १९५५ साली मर्यादा पाचशे करण्यात आली. त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा आला आणि घटस्फोट सर्व जातींच्या हिंदूंना खुला झाला.

आणि मग ती पाचशेची मर्यादा तशीच राहिली. १९७३ च्या नव्या संहितेत कलमाचा आकडा बदलून १२५ झाला, घटस्फोटितेलाही पोटगी मिळू लागली, रक्कम पाचशेच. केंद्राने ती मर्यादा काढून टाकली २००१ साली. सेहेचाळीस वर्षे! १९५५ साली पाचशे रुपयांत पाच तोळ्यांहून अधिक सोने येत असे. २००१ साली त्याच पाचशेत दीड ग्रॅमही येत नव्हते. आम्ही युनियनवाले दर तीन वर्षांनी करार करतो, महागाईच्या निर्देशांकाशी भत्ता जोडून घेतो, त्यासाठी संप करतो. टाकलेल्या बायकांची युनियन नव्हती, म्हणून त्यांच्या भत्त्याला सेहेचाळीस वर्षांत निर्देशांक लागला नाही.

मुसलमान भगिनींची लढाई आणखी वेगळी. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई ह्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला, त्यात सात मुसलमान स्त्रिया होत्या. सातच, पण तोंडी तलाक बंद करा असे सांगत त्या रस्त्यावरून चालल्या. शाहबानो इंदूरच्या. वकील नवऱ्याकडून १९७९ साली मॅजिस्ट्रेटने त्यांना दरमहा पंचवीस रुपये मंजूर केले, हायकोर्टाने ते एकशे एकोणऐंशी रुपये वीस पैसे केले. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केल्यावर देशभर जो गदारोळ झाला तो धर्मावर झाला. वीस पैशांपर्यंत मोजलेल्या त्या रकमेत म्हातारीचा महिना कसा निघतो, हे त्या गदारोळात कोणी विचारले नाही. १९८६ चा कायदा, २००१ चा दॅनियल लतिफी निकाल आणि २०२४ साली तेलंगणातल्या प्रकरणात दिलेला निकाल अशी वळणे घेत आज मुसलमान स्त्रीलाही ह्या फौजदारी तरतुदीखाली पोटगी मागता येते हे पक्के झाले आहे. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आहे.

इथवर येणे सांगितले. आता देणे.

कामकरी माणसाच्या घरखर्चाची शास्त्रशुद्ध मोजणी आपल्याकडे प्रथम मुंबईत झाली. सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ साली गिरणगावातल्या सुमारे अडीच हजार कुटुंबांचे जमाखर्च गोळा केले. अहवाल १९२३ साली निघाला. कुटुंबाची सरासरी मिळकत महिना बावन्न रुपयांच्या घरात, आणि जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात. धान्य किती खातात तेही मोजले होते, आणि ते तुरुंगातल्या कैद्याच्या शिध्याहून कमी भरले! पुढे १९३१ साली व्हिटले कमिशनने लिहिले की बहुतेक औद्योगिक केंद्रांत दोन-तृतीयांशांहून कमी कामगार कर्जबाजारी नसतील, आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे. हे अहवाल आमच्या चळवळीची बाराखडी होत. परंतु त्यांत ‘कुटुंब’ हा एकच आकडा आहे. नवरा दारूत किती घालतो आणि बायको खानावळीतून किती आणते, हे त्या एका आकड्यात मिसळून गेले. कुटुंब फुटल्यावर त्या बावन्न रुपयांचे काय होते ह्याचा रकाना कोणी आखला नाही.

कर्जदाराला संरक्षण देणारे कायदे मात्र ह्याच काळात उभे राहिले, आणि ते टाकलेल्या बाईच्या फार उपयोगाचे आहेत, जर तिला कोणी सांगितले तर. १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला, आणि खताच्या कागदापलीकडे जाऊन मुळात दिले किती आणि घेतले किती हे तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. निजामाच्या मुलखात तो कायदा नव्हता. दामदुप्पट हा तर त्याहून जुना नियम: व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात हे तत्त्व आहे. विनापरवाना सावकारी हा त्याखाली गुन्हा आहे, आणि अशा सावकारीत गिळलेली जमीन परत देण्याचा हुकूम सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाला करता येतो.

दिवाणी प्रक्रिया संहितेचे ६० वे कलम मी आमच्या हमालांना तोंडपाठ करावयास लावतो. पैशाचा हुकूमनामा झाला तरी काय जप्त करता येत नाही त्याची ती यादी आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण. धार्मिक रूढीने स्त्री जो दागिना अंगावेगळा करू शकत नाही तो, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र. कारागिराची हत्यारे. मजुराची मजुरी. आणि पुढे मिळावयाच्या पोटगीचा हक्क: तोही कोणा सावकाराला जप्त करता येत नाही. नोकरदाराच्या पगाराचा हिशोब तर नवल वाटावा असा आहे. साध्या कर्जापायी पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश सुरक्षित. सावकाराच्या हाती जास्तीत जास्त बाकीचा तिसरा हिस्सा. हुकूमनामा पोटगीचा असेल तर उलट, सुरक्षित राहतो तो फक्त एक-तृतीयांश. दोन हिस्से बायकोमुलांसाठी जप्त होऊ शकतात. कायद्याने बायकोला सावकाराच्या पुढे उभे केले आहे. शिवाय ५६ व्या कलमाप्रमाणे पैशाच्या हुकूमनाम्यापायी स्त्रीला अटक करता येत नाही. ‘पोलीस आणतो’ अशी वसुलीवाल्याची धमकी जिथे ऐकू येते तिथे हे एवढे वाक्य पुरेसे असते.

कायद्याचा भाग पुरे. कर्जातून वर आलेल्या बायकांचा आपल्या राज्यातला ठळक दाखला गिरणगावातल्या खानावळवाल्यांचा आहे. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार ज्यांच्या घरी जेवत, त्या बायकांपैकी पुष्कळजणींच्या घरी मिळवता पुरुष नव्हता, किंवा असून नसल्यासारखा होता. कामगार पगाराला पैसे देणार. तोवर धान्य उधारीवर. वाण्याचा भाव चढा, सावकाराचे व्याज चढे, मंगळसूत्र गहाण. संपात ह्या बायकांनी कामगारांना उधारीवर जेवू घातले, म्हणजे संपाचे भांडवल त्यांचे होते. आमच्या चळवळीने त्यांची नोंद फार उशिरा घेतली. प्रेमा पुरव ह्या कामगार चळवळीतल्याच. त्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापले. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झालेले होते, त्याचा आधार घेऊन बँक ऑफ बडोदाकडून ह्या बायकांना कर्जे मिळवून दिली. तारण काय? एकमेकींची जामीनकी. महागडे कर्ज स्वस्त कर्जाने फेडावयाचे, आणि उधारीचे धान्य सोडून रोखीने घ्यावयाचे, एवढीच युक्ती. रोखीच्या धान्यात जी बचत होई तिच्यातून हप्ता निघे.

१९८६ साली शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन चांदवडला झाले, आणि शरद जोशी ह्यांनी पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढून बायकोच्या नावावर जमीन करून देण्याची हाक दिली. १९८८ साली समता आंदोलनाने संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरवली. ॲडव्होकेट निशा शिवूरकर त्यात अग्रभागी होत्या. वेगळे रेशनकार्ड हवे, घरात हक्क हवा, अशा साध्या मागण्या. रेशनकार्ड ही मागणी काहींना क्षुल्लक वाटली असेल. नाव नवऱ्याच्या कार्डावर असले म्हणजे पोरांचे धान्य त्याच्या घरी जाते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ती क्षुल्लक वाटणार नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने कार्डावर घरातली ज्येष्ठ स्त्रीच कुटुंबप्रमुख धरली.

आता आपल्या गावाकडे येतो. आपल्या भागातून ऊसतोडीला जाणारा ‘कोयता’ म्हणजे एक जोडपे. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, मोजून घेतो नवरा. बाईच्या तोडीचा वेगळा हिशोब नसतो. जोडपे फुटले की कोयता मोडला; उचल फिटली नसेल तर मुकादम सासरी जातो, माहेरी जातो. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने उचलीच्या बदल्यात सक्तीने राबवून घेणे गुन्हा ठरवले आणि असले कर्जच रद्द केले. ह्याचा आधार घेतलेली बाई माझ्या पाहण्यात फार थोडी.

फायनान्सच्या कर्जाचे स्वरूप ह्याच्या नेमके उलट आहे. इथे सही बाईचीच लागते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांत ‘कुटुंब’ म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले. ह्या सर्वांच्या मासिक मिळकतीच्या निम्म्याहून अधिक हप्ता बसू नये असा दंडक आहे. दंडक चांगला. पण तो कर्ज देतेवेळी पाहिला जातो. धरून चालू की नवरा दहा हजार मिळवतो, बायको डाळमिलमध्ये तीनशे रोजाने महिन्याचे चोवीस दिवस भरून सात हजार दोनशे. हप्ता दोन हजार सहाशे: मिळकतीच्या शेकडा पंधरा. नवरा निघून गेला की तोच हप्ता शेकडा छत्तीस होतो. कागदावरचे कुटुंब संपले, सही राहिली. पैसे कशाला घेतले होते? बहुधा नवऱ्याच्या मोटारसायकलीला.

हेच घर पुढे मांडू. आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. दोन मुले. भाडे पंधराशे, रेशनच्या धान्याखेरीज किराणा अडीच हजार, गॅस-दिवाबत्ती नऊशे, शाळा नि जाणे-येणे सहाशे, औषधपाणी तीनशे. एकूण पाच हजार आठशे. हातात उरतात चौदाशे. मागणारे कोण? फायनान्सचा हप्ता दोन हजार सहाशे. सावकाराच्या तीस हजारांचे शेकडा तीनने महिन्याचे नऊशे व्याज. किराणा दुकानाची जुनी बाकी सहा हजार. आणि बँकेत तारण पडलेले सोने. हप्ता आणि व्याज मिळून साडेतीन हजार. म्हणजे दरमहा एकवीसशेची तूट. ती भागवायला बाई दुसऱ्या फायनान्सकडे जाते, आणि दीड वर्षात तिच्या नावे चार कार्डे होतात. ही रीत मी इतक्या घरांत पाहिली आहे की तिला आता रूढी म्हणावयास हरकत नाही.

इथे विज्ञानेश्वराचा प्रश्न विचारावा: कर्ज कोणी काढले, कोणी कबूल केले, कशासाठी? फायनान्सवर सही तिची, तेव्हा कायद्याने ते तिचे. कशासाठी घेतले हे तिथे चालत नाही. ते तिने पोटगीच्या अर्जात मांडावे. सावकाराचे तीस हजार नवऱ्याने एकट्याने घेतले, तिचा अंगठा नाही, जामीनकी नाही. मग ते तिचे नव्हे. लाजेपोटी ती दरमहा नऊशे देऊ लागते आणि सावकार ते तिच्या नावे चढवतो. ते बंद करावे आणि सावकाराचा परवाना विचारावा. किराणा दुकानदाराची बाकी मात्र पोरांनी खाल्लेल्या धान्याची आहे, ती फेडावी, दरमहा तीनशे का होईना. अडल्या दिवशी तोच माणूस धान्य देणार आहे. निराधार योजनेचे अथवा २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे, जे मंजूर असेल त्याचे पंधराशे धरले, तर चौदाशे नि पंधराशे मिळून एकोणतीसशे. हप्ता दोन हजार सहाशे, दुकान तीनशे. बरोबर मिळते, एक पैसा उरत नाही. एका मुलाला ताप आला की हा हिशोब कोसळतो. म्हणून थकण्याच्या आधी, नंतर नव्हे, फायनान्सच्या शाखेत लेखी अर्ज देऊन हप्ता कमी आणि मुदत वाढवून मागावी. वसुलीवाल्याने सकाळी नऊच्या आधी नि संध्याकाळी सहाच्या नंतर येता कामा नये, हेही रिझर्व्ह बँकेच्या त्याच निर्देशांत आहे.

पोटगी मी ह्या जमेत धरली नाही, हे आपल्या ध्यानात आले असेल. आम्ही थकलेला भत्ता हातात पडेपर्यंत जमेस धरत नाही, तसेच हे. पडली की ती सोन्याच्या तारणावर टाकावी, कारण लिलावात गेलेला दागिना परत येत नाही.

पोटगी पडावी म्हणून करावयाच्या दोन गोष्टी गावोगाव चुकतात. एक, फारकतीच्या बैठकीत पंच स्टॅम्पपेपरवर ‘राजीखुशीने वेगळे राहत आहोत’ असे लिहून घेतात. घटस्फोट न घेता परस्परसंमतीने वेगळे राहणाऱ्या बायकोला ह्या कलमाखाली पोटगी मिळत नाही. ते एक वाक्य तिला जन्मभर महाग पडते. पंचांना ते सभ्यतेचे वाक्य वाटते! दुसरी, हुकूम झाल्यावर थकबाकीच्या वसुलीचा अर्ज, रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. वर्ष उलटलेल्या महिन्यांसाठी मॅजिस्ट्रेटला वॉरंट काढता येत नाही. नवरे हे जाणतात आणि अकरा महिने गोड बोलतात.

४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रजनीश विरुद्ध नेहा ह्या महाराष्ट्रातूनच गेलेल्या खटल्यात ठरवून दिले की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात नवरा आणि बायको, दोघांनीही आपली मिळकत, खर्च, मालमत्ता आणि कर्जे शपथेवर लिहून द्यावीत, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. १९२३ च्या अहवालात जो रकाना नव्हता तो शंभर वर्षांनी आखला गेला. त्या शपथपत्रात नवऱ्यालाही मोटारसायकल कोणाच्या कर्जातून आली ते लिहावे लागते.

हे शपथपत्र भरावयास बाईपाशी कागद हवेत. हप्त्याचे कार्ड, त्या पैशांतून घेतलेल्या वस्तूची पावती, गहाणाची चिठ्ठी, दुकानाची वही, मुलांच्या शाळेच्या पावत्या, डाळमिलमधल्या हजेरीची नोंद. स्त्रियांना मिळकतीची अट न घालता सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या १२ व्या कलमाने तो हक्क दिलेला आहे. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर अर्ज करावा लागतो. अर्ज लिहून हवा असेल तर बाजाराच्या दिवशी आमची कचेरी संध्याकाळी आठपर्यंत उघडी असते. कागद सगळे आणावेत, फाटलेलेसुद्धा.